चादरीखालचा सौदा

तमाम शेतकरी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, एका गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास निरगुडसरच्या एका धडधाकट माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. तो माणूस मी. मंचरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, शर्टाचा वास घेतला आणि विचारलं, "फवारणी कधी केली?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर नुसती लाळच बाहेर आली.

"ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा. ते प्यायलाच पाहिजे असं नाही, कातडीतूनही आत जातं, हे मला त्या दिवशी कळलं. नव्वदचं दशक सरत आलं होतं, आमच्याकडे सगळीकडे टोमॅटो होता. पाठीवरच्या पंपाचा वायसर गेला होता आणि औषध पाठीवरून गळत होतं. उन्हात गार वाटतंय म्हणून मी खूश होतो. दोन तासांनी पोटात मुरडा, उलट्या, छातीत घरघर. दंडाचं मांस आत किडे वळवळावेत तसं आपोआप उडायला लागलं.

बायको मंदा आणि धाकटा भाऊ बबन यांनी मला जीपमध्ये घालून आणलं. मंदाने औषधाची बाटली आठवणीने पिशवीत टाकली होती. तुमच्या घरात ही वेळ आली, तर ओले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि ती बाटली सोबत न्या.

मला सलाईनमधून ॲट्रोपिन सुरू केलं. डॉक्टरांनी घरच्यांना समजावलं, "हे मुळात झाडपाल्यातलं सत्त्व. आपल्या धोतऱ्यातही असतं. विषाने ह्यांच्या अंगाला पाणी सुटलंय, ते हे आटवेल. ह्यांना नाही नाही ते दिसेल, ते काहीबाही बोलतील. पण औषध बंद पडता कामा नये."

मग त्यांनी मंदाला एक काम दिलं. दर अर्ध्या तासाने माझ्या काखेत हात घालायचा. काख कोरडी म्हणजे औषध पुरतंय. ओली लागली की लगेच हाक मारायची. मंदाने हे काम इतकं मनावर घेतलं, की दर अर्ध्या तासाला ती चादरीखाली हात घाली आणि दाराशी बसलेल्या सिस्टरना वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगे, "कोरडी हाय!" बाकीचे पेशंट हसत. सिस्टर लिहून घेत.

बबनच्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला होता. धोतरा. आमच्या लहानपणी वस्तीवरच्या एका गड्याने पैजेवर धोतऱ्याचं बी खाल्लं होतं. दोन दिवस तो रिकाम्या हवेतून सुतळी वळत बसला होता. पुढे तो पहिल्यासारखा झालाच नाही, असं म्हातारी माणसं सांगत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीही सुतळी वळायला लागलो.

आधी जीभ वाळली. टाळूला चिकटली, की सोडवायला बोट घालावं लागे. मग खिडकीतलं ऊन वाढत वाढत खाटेपर्यंत आलं आणि तिथेच उभं राहिलं. जवळचं काही दिसेना. माणसांच्या तोंडाच्या जागी नुसती पुसलेली पाटी. कानात माझीच नाडी खुरांसारखी वाजत होती. आणि खुरांमागून बैल आले. पांढरे खिल्लार, खाटाखाटांना बांधलेले. सगळे रवंथ करत होते, पण आवाज नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

बैलांना मी कशाला भितो? वीस वर्षं मी बेल्ह्याच्या बैलबाजारात दलाली केली आहे. आमच्या धंद्यात भाव तोंडाने सांगत नाहीत. टॉवेलखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून बोली करायची. तेव्हा चादरीखाली एक हात शिरला, तसं मी ओळखलं, बाजार भरलाय. मी ती बोटं धरली आणि भाव सांगितला. हात निसटला आणि बरगड्या चाचपत वर सरकला. गिऱ्हाईक जनावर तपासतं तसा.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझ्याकडे विकायला बैलच नाही. मान वळवून पाहिलं. एक दोरी माझ्या मनगटातून निघून खांबाला बांधलेली होती. विकायला उभा होतो तो मी.

मी ओरडायला लागलो. मंदा भाकरी खायला बाहेर गेली, तेव्हा पुसलेल्या तोंडाचा एक माणूस रडत जवळ आला आणि त्याने दोरीचं काहीतरी केलं. मी त्याला मनापासून आशीर्वाद दिला. हळूहळू बैल विरळ झाले. ऊन आपल्या जागी गेलं. तोंडाला ओल आली. मला फार बरं वाटायला लागलं. आणि त्या बरं वाटण्यात मी मरत होतो.

छातीत पुन्हा घरघर सुरू झाली होती. तेवढ्यात तो हात परत चादरीखाली आला. आता सुटलोय, विकला जाणार नाही, म्हणून मी बोटं पिरगाळून धरली. तो हिसडा मारून सुटला, काखेत गेला आणि तिथेच थांबला.

"ओली हाय," मंदाचा आवाज आला. "सिस्टर, ओली हाय."

डॉक्टर धावत आले. सलाईनच्या नळीवरचं चाक कुणीतरी बंद केलं होतं. बबन खाली मान घालून म्हणाला, "मी केलं. भाऊ येडा व्हायला लागला व्हता. त्या गड्यावानी झाला असता म्हंजे?"

डॉक्टरांनी चाक उघडलं, वर एक इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "वेडा झालेला चार दिवसांत शहाणा होईल. मेलेला होणार नाही."

बैल पुन्हा आले. तीन दिवस राहिले. शेवटचा एक खिडकीपाशी बराच वेळ उभा होता. तो कधी गेला, मला कळलं नाही.

बबनचं चुकलं, पण त्याने पाहिलं ते खरं होतं. ते वेड औषधाचंच होतं. तुमचं माणूस असं करायला लागलं, तर शंभर वेळा डॉक्टरांना विचारा, पण त्या चाकाला हात लावू नका. मी आता वायसर तपासल्याशिवाय पंप पाठीला लावत नाही. आणि बेल्ह्यात एखाद्या अनोळखी माणसाचा कोरडा, गार हात टॉवेलखाली आला, की माझं पहिलं बोट अजून क्षणभर थांबतं.

घरी आल्यावर महिनाभर बबन रोज यायचा, गुरांना वैरण टाकायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. एकदा पाहुणे आले होते. मी त्यांना सगळा बाजार साग्रसंगीत करून दाखवत होतो. बबन दाराशी बसला होता. मंदा चहा घेऊन आली, तसा मी हातावर टॉवेल टाकून पुढे केला. "बोला पावणं, काय भाव?"

तिने ट्रे खाली ठेवला. टॉवेलखाली हात घातला, माझी बोटं बाजूला सारली आणि सरळ काखेपर्यंत गेली. मग सवयीने दाराकडे मान वळवून, सगळ्या पाहुण्यांसमोर, ती मोठ्यांदा बबनला म्हणाली, "कोरडी हाय!"