परबांच्या गच्चीवरची सावली

भाईंदरमधल्या गोडदेवच्या त्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांत कोंडिराम खिल्लारे यांनी ओढलेल्या तारा होत्या. विसाव्या वर्षी ते हिंगोलीकडून भाईंदरला आले. एका ठेकेदाराकडे भिंतीला खाचा पाडता पाडता वायरिंग शिकले, लायसन्स काढलं, आणि पुढची पस्तीसेक वर्षं गल्लीत कुणाचाही दिवा गेला तरी पहिली हाक त्यांनाच जायची. इस्त्रीवाला हिंदीत हाक मारायचा, किराणावाला अर्ध्या गुजरातीत. फ्यूज उडाला तरी कोंडिराम, नवा फ्रीज घ्यायचा असला तरी कोंडिराम. ते फार बोलायचे नाहीत. टेस्टर लावायचे, काय झालंय ते दोन शब्दांत सांगायचे आणि चहा घेऊन निघायचे. पण आपल्याशिवाय या गल्लीचं पान हलत नाही, असं मनातून त्यांना वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

त्यांच्या घराला उत्तरेकडून लागून गुणवंत परबांचं घर. मधे एकच भिंत, वरती गच्च्याही शेजारी शेजारी, फक्त कमरेइतका कठडा. परब बँकेतून निवृत्त झालेले, बारा वर्षांपूर्वी परळची खोली विकून इथे आले. तेव्हा त्यांच्या घराची सगळी वायरिंग कोंडिरामांनीच केली होती. कुठल्या खोलीत पंखा कुठे हवा हेसुद्धा त्यांनीच ठरवलं होतं.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एका सकाळी कोंडिराम दारात दात घासत उभे होते. परबांच्या दारात टेम्पो थांबला आणि हेल्मेट घातलेली दोन माणसं त्यातून मोठमोठे निळे-काळे पॅनल उतरवायला लागली. सहा पॅनल. परबांच्या घरावर सोलर बसणार, हे कोंडिरामांना टेम्पोवरून कळलं. ते आत आले, बायकोला, प्रभावतीला म्हणाले, "चांगलंय," आणि चहा न पिता कामाला निघून गेले.

पुढचे तीन दिवस त्यांना स्वतःच्या गच्चीवर अचानक खूप कामं निघाली. कपडे वाळत घालायचे, कुंड्या सरकवायच्या. तिथून ते चोरून सगळं बघत होते, आणि बघता बघता त्यांना सगळं कळतही होतं. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून तिरके बसवले, म्हणजे वर्षभर जास्तीत जास्त ऊन मिळेल. पॅनलमध्ये तयार होते ती बॅटरीसारखी एका दिशेची वीज. तिच्यावर घरातला पंखा चालत नाही, म्हणून जिन्याच्या भिंतीवर इन्व्हर्टरची पेटी. ती पेटी त्या विजेची घरातल्यासारखी वीज करते. घराला लागेल तेवढी घर वापरतं आणि उरलेली बाहेरच्या लाइनवर जाते. त्यासाठी जुना मीटर काढून नवा बसवला. तो आत आलेली वीजही मोजतो आणि बाहेर गेलेलीही. बसवणाऱ्या एकाने अर्थिंगची तार नीट ओढली नव्हती, तेही कोंडिरामांना कठड्याअलीकडून दिसलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने स्वतःच ती दुरुस्त केली, तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

खरा त्रास नंतर सुरू झाला. परबांच्या मोबाइलवर किती वीज झाली ते दिसायचं, आणि परब तो मोबाइल घेऊन गल्लीभर हिंडायचे. आज तेरा युनिट, आज साडेतेरा. लोक कौतुकाने बघायचे, शंका विचारायचे, आणि परब उत्तरं द्यायचे. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, असं त्यांनी एकदा चहाच्या टपरीवर सांगितलं. वीज प्रकाशाने होते, पॅनल फार तापला तर उलट थोडी कमीच होते, हे कोंडिरामांना ठाऊक होतं. ते बाजूच्याच बाकड्यावर बसले होते. चहा संपवून उठले. कोपऱ्यावरची शेवंती, जिचा मिक्सर ते वर्षानुवर्षं फुकट दुरुस्त करत आले होते, तिने नव्या गीझरला कुठली वायर लागेल हे परबांना विचारलं. त्या दिवशी कोंडिरामांनी जेवणाचं ताट तसंच सरकवलं. प्रभावतीने विचारलं तर पित्त झालंय म्हणाले.

मे महिन्यात एका दुपारी गल्लीची लाइट गेली. उकाडा असह्य होता. परबांकडे तर सूर्याची वीज, म्हणून चार-पाच शेजारी पंख्याखाली बसायला त्यांच्याकडे गेले, आणि बघतात तर परबांचाही पंखा बंद. बाहेर रणरणतं ऊन, गच्चीवर सहा पॅनल, आणि घरात परब पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. लोक हसले. परब उठून जिन्यात गेले. ते इन्व्हर्टरची बटणं दाबत राहिले.

दाराशी उभ्या असलेल्या कोंडिरामांना मात्र कारण एका मिनिटात कळलं. त्यांचा जुना मित्र धर्माजी लाइनमन होता. काही वर्षांपूर्वी लाइन बंद करून तो खांबावर चढला होता. कुणीतरी घरातला जनरेटर तसाच वायरिंगला जोडून चालू केला, ती वीज उलटी लाइनवर आली आणि धर्माजी खाली पडला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. सोलरची वीजही अशीच बाहेर जाऊ शकते, म्हणून बाहेरची लाइट गेली की ती पेटी स्वतःहून बंद होते. खांबावरचा माणूस वाचावा म्हणून. एवढं सांगितलं असतं तर परबांची लाज राहिली असती.

कोंडिराम म्हणाले, "साहेबांच्या मोबाइलला विचारा ना, तो काय म्हणतो."

सगळे पुन्हा हसले. कोंडिरामांना पुढचे दोन दिवस चांगली भूक लागली.

ऑक्टोबरात त्यांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला चीर गेली. ती टाकी दक्षिणेच्या कोपऱ्यात होती. नवी तिथेच बसली असती. पण कोंडिरामांनी फॅब्रिकेटरला उत्तरेचा, परबांच्या कठड्याला लागून असलेला कोपरा दाखवला आणि सहा फूट उंच लोखंडी स्टँड करायला सांगितला. प्रभावतीने विचारलं तर वरच्या नळाला प्रेशर हवं म्हणाले. ती म्हणाली, प्रेशरला काय झालंय? त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या उत्तरेला लांब पडतात, हे त्यांना माहीत होतं. आदल्या दुपारी त्या कोपऱ्यात बांबू उभा धरून सावली कुठवर जाते, हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं.

डिसेंबरात परबांचे युनिट घसरले. थंडीत थोडे कमी होणारच, पण हे त्याहून बरेच खाली. परबांनी पॅनल धुतले, मऊ फडक्याने पुसले, कंपनीला फोन केले. तिथून थंडीचं कारण सांगितलं गेलं. टाकीची सावली परबांना दिसत नव्हती असं नाही. पण ती एका पॅनलवर, उशीएवढी. सहा पॅनलांत तेवढ्याने काय फरक पडणार, असं त्यांना वाटत होतं.

कोंडिराम रोज बाराच्या आधी जेवायचे आणि वर जायचे. सावली हळूहळू पॅनलवर चढताना बघायचे. आपल्याला मजा येईल असं त्यांना वाटलं होतं. पण बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं आणि बघून बरंही वाटत नव्हतं. दुपारची कामं ते टाळू लागले. एके दिवशी मागोमाग प्रभावती वर आली. तिने टाकीकडे पाहिलं, मग पलीकडे पाहिलं.

"अहो, ही टाकी आपल्याला पाणी द्यायला आहे की त्यांना सावली द्यायला?"

ते कुंडी सरकवायला वळले. ती खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने त्या टाकीचं पाणी वापरणं बंद केलं. खालच्या नळावर बादली भरायची आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढून वर आणायची. कोंडिराम बादली घ्यायला पुढे झाले की ती दुसऱ्या हातात धरायची. असं आठ दिवस चाललं.

मग एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास परब दारात आले. सोलर बसवल्यापासून ते पहिल्यांदाच आले होते.

"खिल्लारे, जरा वर येऊन बघता का? मला काही कळेना झालंय." मग ते म्हणाले, "खरं म्हणजे आधीच तुम्हाला विचारायला हवं होतं. आमच्या मुलाने, रोशनने, पुण्यातूनच परस्पर ऑनलाइन सगळं ठरवलं. टेम्पो आल्यावर तुम्हाला काय तोंडाने सांगू, असं झालं मला. मग राहूनच गेलं."

कोंडिरामांनी तारेतली वीज मोजायचा चिमटा मीटर पिशवीत टाकला आणि त्यांच्यामागून जिना चढले. ज्या गच्चीकडे दहा महिने चोरून पाहिलं, तिथे ते सोलर बसल्यानंतर पहिल्यांदा उभे राहिले. पॅनलवर एका ठिकाणी कावळ्याची घाण होती. एक जोड जरा सैल होता. दोन्हींतलं काहीही कारण म्हणून सांगितलं असतं तरी परबांनी मान डोलावली असती. तो विचार त्यांच्या मनात आला, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

त्यांनी जोड घट्ट केला, तारेला मीटरचा चिमटा लावला आणि परबांना आकडा दाखवला. मग म्हणाले, "हे सहाही पॅनल एका माळेत आहेत. लांब पाइपसारखं समजा. पाइप एका जागी पायाखाली दाबला, तर पाणी सगळीकडेच कमी होतं, तेवढ्याच जागी नाही. तसं एका पॅनलवर सावली आली की ती बाकीच्यांनाही ओढते."

"म्हणजे तुमची टाकी."

"हो."

परब पटकन म्हणाले, पाणी महत्त्वाचं, मी पॅनल सरकवून घेतो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कोंडिरामांना ते ऐकवेना. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

"टाकी मी मुद्दाम इथे ठेवलीय," ते म्हणाले.

परब त्यांच्याकडे बघत राहिले. "मुद्दाम?"

"मुद्दाम. बांबू लावून, सावली मोजून."

"पण का?"

"तुम्ही मला विचारलं नाही म्हणून."

परब जिना उतरून गेले. कोंडिरामांनी मीटर पिशवीत ठेवला. मग तेही उतरले. स्वयंपाकघरात परबांच्या पत्नी उर्मिलावहिनी होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, चहालाही थांबवलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कोंडिरामांनी टाकी रिकामी केली, स्टँड कापून निम्मा केला आणि सगळं दक्षिणेच्या कोपऱ्यात नेलं. प्रभावतीने बादली खाली ठेवली. परबांचे युनिट वर आले असणार, पण ते आता सांगत हिंडत नव्हते. दोन्ही घरांतल्या बायका कढीपत्ता देत-घेत राहिल्या. पुरुष मात्र समोरासमोर आले की एकजण चपलेकडे बघायचा.

जानेवारीच्या अखेरीस खांबावरच्या कामासाठी भरदुपारी गल्लीची लाइट बंद केली. नाक्यावर लोक जमले, आणि कुणीतरी परबांच्या खिडकीकडे बघून सोलरची जुनी थट्टा काढली. या वेळी कोंडिराम मधे पडले. खांबावर चढलेल्या लाइनमनकडे बोट करून त्यांनी ती पेटी बंद का पडते ते सांगितलं, धर्माजीच्या बोटांचंही सांगितलं. मग म्हणाले, "हे मला मे महिन्यातच माहीत होतं. परब साहेबांना हसू दिलं, ते माझं चुकलं." मराठी न कळणाऱ्यांसाठी तेच त्यांनी पुन्हा हिंदीत सांगितलं. गल्लीने त्यांना एका दमात इतकं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

थोड्या वेळाने परब बाहेर आले. त्यांनी खांबावरच्या माणसाकडे पाहिलं आणि विचारलं, चढताना त्याला काही आधार असतो का? दोघं तिथेच उभं राहून लाइनमनच्या पट्ट्याबद्दल बोलले. माफी वगैरे कुणी मागितली नाही. पण संध्याकाळी परबांनी मोबाइल आणून कोंडिरामांच्या हातात दिला आणि त्यातला एक आलेख समजत नाही म्हणाले.

मार्चमध्ये कोंडिरामांनी सोलर बसवण्याच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते वर्गातले सगळ्यांत मोठे विद्यार्थी होते. आता ते एका टोळीबरोबर काम करतात आणि टोळीची प्रमुख आहे दिव्या, पंचवीस वर्षांची मुलगी. ती फोन गच्चीवर धरते आणि वर्षभरात ऊन कुठून कुठे फिरेल ते पडद्यावर दाखवते. गेल्या महिन्यात सिल्व्हर पार्कमधल्या एका इमारतीवर तिने ते केलं, तेव्हा सोसायटीची माणसं तिच्याभोवती गोळा झाली. कोंडिराम मागे स्क्रू आवळत होते आणि परबांच्या वेळची तीच आग पुन्हा उठली. ती अजून उठते, असं ते स्वतःच सांगतात. वय झालं म्हणून कमी होत नाही.

माणसं खाली गेल्यावर ते दिव्याजवळ गेले आणि हे कसं करतेस ते दाखव म्हणाले. तिला आश्चर्य वाटलं. काकांना चाळीस वर्षांचा अनुभव, त्यांना हे कशाला लागतं, असं ती म्हणाली. "लागतं," ते म्हणाले, आणि खिशातून चष्मा काढला. तिने तीनदा समजावलं. दोनदा त्यांचं चुकलं. तिसऱ्यांदा जमलं, पण तोवर जेवणाचा डबा गार झाला होता आणि बाकीची टोळी खाऊन उठली होती.