पाचवं टोक

धरणगावच्या आमच्या लहानशा मंडळीत नाताळची चांदणी विकत आणत नाहीत. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधतात आणि उपासना संपली की एका टोकाला लाल कागद चिकटवतात. दर रविवारी एक टोक. पाचवं टोक नाताळच्या आदल्या संध्याकाळी, त्या वर्षी लग्न झालेल्या जोडप्यानं चिकटवायचं. मग आत दिवा लावून चांदणी चर्चच्या दारावर चढवतात.

गेल्या वर्षी मंडळीत एकच लग्न झालं, माझ्या आतेबहिणीचं. तिनं असोद्याच्या एका हिंदू शेतकरी घरातल्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. धर्म कुणीच बदलला नाही. मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ पंच, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांनी पहिल्याच रविवारी सांगून टाकलं की हे लग्न चर्चमध्ये झालेलं नाही, तेव्हा पाचवं टोक मागच्या वर्षीचंच जोडपं चिकटवील. पुढच्या गीताचा क्रमांक सांगावा तसं सांगितलं.

माझे वडील आठवडी बाजारात सुवार्तेच्या पत्रिका वाटायचे. आमच्या खाटेखाली त्यांचे गठ्ठे असायचे, वाचायला मी त्यांच्यावरच शिकलो. त्यामुळे राग आला की मी पत्रक लिहितो. याही वेळी लिहिलं. ‘आपणच उतारशाळेचे मालक’ असा मथळा दिला. बेथलेहेमात ज्यानं जागा नाही म्हणून दार लावलं त्याला आपण दर डिसेंबरात नावं ठेवतो आणि स्वतः तेच करतो, असा मजकूर. छापूनही आणलं.

आत्यानं ते स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानं, शेवटपर्यंत वाचलं.

“चांगलं लिहिलंय. वाटू नको.”

यात खोटं काय आहे, असं मी विचारलं.

“खोटं काही नाही. पण हे वाचून नाना दार आणखी घट्ट लावतील. तुला जिंकायचंय. मला पोरगी घरी आणायचीय.”

तेव्हा मला हा भित्रेपणा वाटला. वाट पाहा, धीर धरा, हे उपदेश नेहमी ज्यांना बाहेर ठेवलंय त्यांनाच केले जातात, असं माझं मत होतं. अजूनही आहे. पण आत्या नुसती बसून राहिली नाही. दर शनिवारी ती जळगावला एसटी बदलून असोद्याला जायची. लेकीच्या सासूबरोबर शेतात कापूस वेचायची. पहिल्या खेपेला तिला नुसता चहा मिळाला, नंतर एकदा येताना केळीची फणी मिळाली. लेकीचं म्हणणं एकच होतं: दोघांना बोलावलं तर येईन, एकटी येऊन दारात उभी राहणार नाही.

चौथ्या रविवारी उपासना संपल्यावर आत्या उभी राहिली. प्रार्थनेशिवाय ती मंडळीत कधी तोंड उघडत नाही. पाचव्या टोकाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देऊ नका, एवढंच ती म्हणाली. मग तिची भाषा घरची, अहिराणी झाली.

“ती मनी पोर शे, नाना. ती येई.”

नानांनी विचारलं, नाताळला काय फाटकी चांदणी टांगायची? आत्या म्हणाली, टांगा, कुणी विचारलं तर खरं ते सांगा. नानांनी मागच्या वर्षीच्या जोडप्याकडे पाहिलं. ती दोघं जागची हलली नाहीत.

नाताळला चांदणी चार टोकांनिशी चढली. पाचव्या जागी नुसत्या कामट्या, आणि त्यांतून बल्बचा उजेड रस्त्यावरच्यांच्या थेट डोळ्यांत. समोरच्या चहावाल्यानं नानांना हसत विचारलं, कागद संपला का?

नाना म्हणाले, “नाही. घरचं माणूस यायचंय.”

मी शेजारीच होतो. पुढच्या शनिवारी आत्यानं हे वाक्य जसंच्या तसं असोद्याला पोचवलं.

नववर्षाच्या उपासनेला दोघं मोटारसायकलवर आली. तोवर लाल कागद उरला नव्हता. संक्रांतीचे पतंग बाजारात आले होते, त्यातला हिरवा कागद मिळाला. जावयानं खळ इतकी लावली की ती कामटीवरून त्याच्या बाहीत उतरली. शिडी नानांनी धरली होती. माफी त्यांनी मागितली नाही, ती मागायला हवी होती. माझ्या पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही. गठ्ठा अजून खाटेखाली आहे. पण त्यानं ती दोघं आली नसती.

आत गेल्यावर एक घोटाळा झाला. आमच्याकडे सतरंजीवर पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसतात. हे जावयाला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बायकोच्या मागोमाग गेला आणि तिच्याशेजारी, बायकांच्या मधोमध मांडी घालून बसला. सगळ्यांच्या माना वळल्या. मग सगळे नानांकडे पाहू लागले.

नानांनी चष्मा पुसला, गीतांचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या गीताचा क्रमांक सांगितला. आत्या थोडी सरकली आणि तिनं जावयाला जागा करून दिली.