मृत्युंजयची अडलेली जीभ

उदगीरच्या मलप्पांचा एकुलता लेक मृत्युंजय लहानपणापासून तोतरा. शाळेत पोरांनी नकला करून त्याला नको नको केलं. मलप्पांच्या किराणा दुकानात बसवलं, तर "साखर" म्हणेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जायचं. शेवटी त्याला हैदराबादला मामाकडे कामाला धाडलं.

तिथं तो रेगे गायला लागला. जमैका बेटावरचं ते डुलत चालणारं गाणं. मृत्युंजय मराठीत गायचा. शेजारच्या शेषेरावांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवला आणि मलप्पांनी तो पुन्हा लावायला सांगितला. अख्ख्या गाण्यात पोरगं एकदाही अडखळलं नव्हतं.

मग इतकी वर्षं ह्यानं सोंग केलं? दुकानात बसायला नको म्हणून?

संशयानं त्यांना पोखरलं. मृत्युंजय सुट्टीला आला की ते त्याच्या ओठांवर नजर ठेवायचे, फोनवर बोलताना दाराआड उभे राहायचे. एकदा मुद्दाम त्याच्या पाठीमागं घागर आपटली. पोरगं दचकलं, तरी अडखळतच बोललं. मलप्पांना वाटलं, लई सराव झालाय ह्याला.

त्याची आई उमादेवी म्हणाल्या, "तुमचंच लेकरू हाय न्हवं? त्यालाच इचारा की."

ते काही मलप्पांच्यानं झालं नाही. लातूरला त्याचा कार्यक्रम ठरला, तेव्हा कुणाला न सांगता एसटीनं गेले आणि खांबाआड बसले. चार गाणी पाण्यासारखी वाहिली. मलप्पांनी दात आवळले.

मग आयोजकांनी मृत्युंजयला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठल्या. "मा… मा… माझ्या…" पुढं काही निघेना. कुणीतरी हसलं. टाळ्या मिळवून झाल्यावर, एवढ्या लोकांपुढं कोण सोंग करील?

कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजमागं त्याच्याकडे गेले. म्हणाले, "मला वाटलं, तू फसवतोयस. गाताना कसं जमतंय मग?"

मृत्युंजय म्हणाला, "ठे… ठेक्याच्या मधी जागा र्‍हाते, अप्पा. ति… तिथं शब्द बसतो."

मलप्पांनी त्याचं वाक्य मधेच तोडलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आता मृत्युंजय हैदराबादपासून पुण्यापर्यंत गातो. बोलायला वेळ लागतो, हे आयोजकांना आधीच सांगतो. लातूर-नांदेडला कार्यक्रम असला की मलप्पा दुकान बंद ठेवून जातात. तो बोलताना कुणी हसलं, तर हसणारा गप्प होईस्तोवर त्याच्याकडे बघत राहतात.