तेवीस जणींचा एक जून

पत्र इंग्रजीत होतं आणि त्यात माझं नाव बरोबर लिहिलं होतं, एवढंच काय ते त्यातलं खरं. बाकी मजकूर असा, की मी बनावट ग्राहक तयार करून कंपनीची फसवणूक केली आहे, सबब माझं खातं बंद करण्यात येत आहे आणि सात महिन्यांचं कमिशन जप्त करण्यात येत आहे. शेवटी माझा दिवस शुभ जावो, अशी इच्छाही होती. मी ते ओट्यावर उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि आत जाऊन गॅस बंद केला, कारण दूध उतू जात होतं आणि मला भांडायचं होतं.

तेहतीस वर्षं मी कशेळ्याजवळच्या शाळेत शिकवलं. आमचं घर मूळचं कर्जतचं, तीन पिढ्या मास्तरकी केलेलं. श्रीमंती कोणी पाहिली नाही, पण आमच्या माणसाने कुणाला फसवलं असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. ते म्हणायला एक ऑनलाइन दुकान यावं लागलं, आणि तेही ज्याचा पत्ता कोणाला सांगता येत नाही असं.

हा उद्योग मी सुरू केला तो गमबुटांमुळे. आमच्याकडे भातलावणी बायका करतात आणि बाजारात गमबूट मिळतात ते पुरुषांच्या पायाचे. आठ नंबर, नऊ नंबर. चार नंबरचा पाय असलेल्या बाईने काय करायचं? तर बुटात चिंध्या कोंबायच्या नाहीतर अनवाणी उतरायचं. मग पंधरा दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, पाय टेकवत नाही, तरी दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून बाई चिखलात उभीच. मी निवृत्त झाल्यावर एक दिवस फोनवर सहज शोधलं, तर चार नंबरचे, पाच नंबरचे गमबूट ढिगाने होते. मी तीन कंपन्यांचे जोड मागवले, प्रत्येक जोड घालून पाण्याच्या टबात अर्धा अर्धा तास उभी राहिले आणि कुठल्या बुटात पाणी शिरतं ते व्हिडिओ करून सांगितलं. व्हिडिओखाली त्या दुकानाची लिंक दिली. कोणी त्या लिंकवरून बूट घेतला, की मला कमिशन मिळायचं. जोडामागे दोन वडापाव येतील एवढं.

व्हिडिओ पुण्या-मुंबईचे लोक बघायचे आणि छान छान म्हणायचे. बूट हवे होते ते वाडीवरच्या बायकांना, आणि त्यांच्याकडे होते बटणाचे फोन. शिवाय कुरिअरवाला डोंगरावर वाडीपर्यंत जात नाही. त्याच्या यादीत वाडीच नाही. तेव्हा बाजाराला उतरल्या की त्या माझ्या ओट्यावर यायला लागल्या. पहिली आली ती माझीच जुनी विद्यार्थिनी. आता तिची मुलगी दहावीला आहे. म्हणाली, "बाई, तुमी पाण्यात उबं ऱ्हाऊन दाखवलंत ते बूट मलाबी मागवा. पोरीनं तिच्या मैत्रिणीच्या फोनात दाखवलं मला."

आता इथे माझा मूर्खपणा सांगते. कंपनीचे नियम मी वाचले होते. असले नियम कोणी वाचत नाही, पण मी पडले शिक्षिका, सूचना वाचल्याशिवाय पेपर सोडवायचा नाही हे मुलांना सांगत जन्म गेला. नियम होता, की स्वतःच्या लिंकवरून स्वतः खरेदी करायची नाही. बरोबरच आहे. म्हणून मी काय केलं, तर त्या बायकांची ऑर्डर माझ्या खात्यावरून टाकली नाही. प्रत्येकीचं तिच्या नावाचं, तिच्या नंबरचं वेगळं खातं उघडलं. माझ्या फोनवर मी माहिती भरायची, ओटीपी जायचा तिच्या बटणाच्या फोनवर, आणि ती एकेक आकडा मोठ्याने सांगायची. कित्येकींना आकडे मीच शिकवलेले होते, त्यामुळे एखादी चुकली की बाकीच्या हसायच्या. पत्ता माझ्या घराचा. पैसे पार्सल आल्यावर रोख. सात महिन्यांत अशा तेवीस जणी झाल्या. बुटांनंतर डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, मग कुकरची रबरं, मग आणखी बूट.

खातं उघडताना जन्मतारीख लागे. आधार कार्ड बघून मी ती भरायची. एक जून. पुढची, एक जून. वर्षं वेगवेगळी, तारीख तीच. मला त्यात काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे कुणाला वाटणार? शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की गुरुजी एक जून टाकायचे, म्हणजे शाळा सुरू होताना पोराचं वय पुरं भरतं. पुढे तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून आधारवर. मी एकदा म्हटलंसुद्धा, "तुमच्या वाडीला एकच केक पुरेल गं." सगळ्या हसल्या. मीही हसले.

तर असं हे माझं बनावट ग्राहकांचं कारस्थान.

दुसऱ्या दिवसापासून मी भांडायला लागले. दुकानाला फोन नंबर नाही. तक्रारीची खिडकी उघडली, की एक यंत्र आधी आपण दिलगीर असल्याचं सांगतं. मी काय लिहिलंय ते वाचण्याआधीच दिलगीर. पाचव्या दिवशी एक माणूस आला, निदान स्वतःला माणूस म्हणवणारा. त्याला मी सगळी हकिगत लिहिली. त्याने ती वर पाठवतो म्हणून सांगितलं. सहाव्या दिवशी दुसरा आला आणि म्हणाला, आपली अडचण काय आहे? मी पुन्हा लिहिली. असे चार झाले. शाळेत एखादं पोर इतकं विसरभोळं निघालं असतं तर मी त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं असतं.

शेवटी कारण कळलं. तेवीस ग्राहकांची खाती उघडली तो फोन एक, पत्ता एक आणि जन्मतारीखही एक. कंपनीच्या मते अशी माणसं असू शकत नाहीत. अमान्य असेल तर ग्राहक खरे असल्याचा पुरावा पाठवावा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. ज्यांनी खरोखर खोटी गिऱ्हाइकं उभी केली असतील, त्यांनी तेवीस वेगळ्या तारखा टाकल्या असत्या. इतकी अक्कल लबाडाला असते.

पैसे गेले त्याचा राग होताच, खोटं कशाला बोलू. पण अंगाची लाही झाली ती दुसऱ्या बातमीने. माझ्याबरोबर त्या तेवीस जणींचीही खाती बंद झाली आणि वाटेत असलेले अकरा जोड रद्द झाले. जून लागला होता. लावणीला महिना उरला होता. माझ्या ओट्यावर बायका बूट घ्यायला यायच्या आणि मला सांगावं लागायचं, की दुकान म्हणतंय तुम्ही नाहीच.

जुनी विद्यार्थिनी म्हणाली, "आमी नाय म्हंजी? मंग मागले बूट घातले कोनी?"

"तेच लिहिलंय मी त्यांना."

"फोटू काडा की माजा बूट घालून. आनि त्यांना म्हनावं, यिऊन बगा. च्या पाजीन."

फोटो मी काढला आणि पाठवला. उत्तर आलं, की छायाचित्र पुरावा म्हणून ग्राह्य नाही. तेव्हा मला सुचलं, की शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरचा उतारा घ्यावा. त्या रजिस्टरात नुसती वाडीच नव्हे, आसपासची सगळी गावं एक जूनला जन्मलेली सापडतील. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी ते पान कंपनीच्या तोंडावर फेकायचं, म्हणजे कळेल त्यांना, की सरकार ज्याला मानतं ते यंत्राला मान्य नाही. मी अगदी फुरफुरत होते. शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात गेले आणि साक्षीला त्या जुन्या विद्यार्थिनीलाही बरोबर घेतलं.

आताचे मुख्याध्यापक भले आहेत. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून दिलं, टेबल पुसून दिलं आणि स्वतः वर्गावर गेले. कडा वाळवीने खाल्लेल्या होत्या, आतली पानं शाबूत. मी तिचं वर्ष काढलं. नाव, आईचं नाव, वाडी, जन्मतारीख. एक जून. वर एक जून, खाली एक जून, पान संपेपर्यंत. सुरेख निळं अक्षर. एकच्या आकड्याला खाली लांब शेपूट.

अशी शेपटी मी काढते. मुलं त्यावरून मला चिडवायची.

मी इतका वेळ गुरुजी, गुरुजी म्हणत होते. जुन्या काळचा कोणी कंटाळलेला मास्तर माझ्या डोळ्यांपुढे होता. आणि त्या पानावर होते मी, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षातली. मग आठवायलाही लागलं. पटनोंदणीला वाडीवर गेले होते. चढ चढून जीव मेटाकुटीला आलेला, एका दिवसात तीन वाड्या करायच्या होत्या, आणि परतीची जीप साडेचारला सुटायची. दारादारांत उभं राहून नावं लिहून घेतली. तारखेचा रकाना मी घरी येऊन भरला, वरून खाली, एका दमात. वेळ वाचला म्हणून बरंही वाटलं होतं.

ती माझ्या खांद्यावरून पान बघत होती. तिला माझं अक्षर ओळखायला वेळ लागला नाही.

"ह्ये तुमी लिवलंय व्हय, बाई?"

"हो गं."

"आय सांगायची. म्हनायची, बाई आल्या व्हत्या, त्यांना म्या सांगितलं, ही गौरी आल्या त्या दिशी झाली. तुमाला ध्यानात ऱ्हायलं नसंल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला वाटलं, असता तर बरं झालं असतं, मला भांडायची सवय आहे. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" विचारल्यावर माझीच मला लाज वाटली. कुठे बोलणार होती? एवढीशी पोर आणि मी फळ्यापुढे.

ती म्हणाली, "कागदावर ते कागदावर, बाई. आय गौरीलाच मला गोड करून घालायची."

तिच्या आईला तारीख माहीत होती. तिने ती मला दारात उभं राहून सांगितली होती. आणि त्या पानावरच्या बाकीच्यांच्या आयांनीही काही ना काही सांगितलंच असणार. कोणी लावणीत, कोणी शिमग्याच्या आगेमागे. मी ऐकलं असेल आणि मान हलवली असेल.

उतारा मी घेतला. घरी येऊन कंपनीला शेवटचं पत्र लिहिलं. आधीची पत्रं लांबलचक होती, नियमांचे क्रमांक टाकलेली. हे चार ओळींचं. या तेवीस जणी खऱ्या आहेत, त्यांना मी लहानपणापासून ओळखते. त्यांची जन्मतारीख खरी नाही. ती मी लिहिली. तेव्हा त्यांची खाती चालू करा, त्यांचा यात दोष नाही.

दरम्यान बुटांसाठी मी कर्जतच्या एका दुकानदाराशी दोन दिवस वाद घातला. बायकांचे नंबर खपत नाहीत, असं त्याचं म्हणणं. अकरा जोडांचे पैसे मी आधी देते म्हटल्यावर त्याने ते आणून दिले, आणि अकराही गेले. आता तो स्वतःहून चार नंबर ठेवतो आणि मला बघितलं की दुसरीकडे बघतो. लावणी पार पडली. गौरी आल्या त्या दिवशी मी वाडीवर चढून गेले, चाळीस मिनिटं लागली, पूर्वी पंचवीस लागायची. रव्याचे लाडू नेले होते. कशासाठी ते मी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. फक्त पोरीला म्हणाली, "पाट मांड बाईंना."

कंपनीचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. या वेळी कुणीतरी माझं पत्र खरंच वाचलं होतं. त्यांनी लिहिलं होतं: ग्राहकांच्या जन्मतारखा आपण स्वतः खोट्या नोंदवल्याचं आपण मान्य केलं आहे, त्याबद्दल आभार. आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.

खाली एक बटण होतं. निर्णय मान्य नसेल तर इथे दाबा. मी ते दाबलं नाही. फोन ओट्यावर ठेवला आणि आत जाऊन दूध तापत ठेवलं.