दिवरू कुळमेथेची हाक

तोंड झाकलं की माणूस झाकला जातो असं ज्यांना वाटतं ना, त्यांना मोहफुलांच्या दिवसांत पहाटे आमच्या येनहेटीच्या जंगलात आणून उभं केलं पाहिजे. तिथं तोंड दिसतं कोणाचं? आम्ही एकमेकींना खोकल्यावरून ओळखतो, चपलेच्या फटफटण्यावरून ओळखतो. आणि दिवरू कुळमेथेला त्याच्या हाकेवरून.

मी या गावची आशा कार्यकर्ती. घरचं नाव निर्मला, पण ते आता रेशनकार्डावरच उरलं, गाव मला आशाताईच म्हणतं. गोळ्या वाटते, बाळंतिणींना दवाखान्यात नेते, आणि मार्च लागला की बाकी बायांसारखीच टोपली घेऊन मोह वेचायला जाते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात पहिला हात माझा आहे. दुसऱ्यांवर चिडायच्या आधी मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली आहे. आता बाकीच्यांची पाळी.

दिवरू वनखात्यात एकोणीस वर्षं रोजंदारीवर होता. काटकुळा माणूस, बोलणं मोजकं. वाघाचं नाव तोंडानं घ्यायचा नाही, नुसतं 'मोठा' म्हणायचा. पाणवठे पाहायचे, पावलांचे ठसे पाहायचे, आणि मोहाच्या दिवसांत आम्हा बायांची राखण करायची, हे त्याचं काम. आमच्याकडे बारा घरांची बारा झाडं ठरलेली आहेत. दिवरू मधल्या बांधावर उभा राहून हाक द्यायचा, "होऽऽ रेऽऽ हो!" पहिलं झाड माझं, म्हणून पहिली मी ओरडायची, "आहोऽऽ!" मग दुसरी, तिसरी, अशा ओळीनं बारावीपर्यंत. बाराही आल्या की हा जरा थांबायचा, आणि पुन्हा हाक. आवाजानं मोठा बाजूला होतो, आणि कोण आहे, कोण नाही, तेही कळतं. एकदा भागरथाच्या तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता म्हणून तिनं उत्तर दिलं नाही. हा काठी घेऊन धावत आला आणि असा कडाडला, "जित्ती हायेस का मेली, हे सांगाले तोंड उघडत नाही का वो तुह्यं? थुक आधी तो खर्रा!" भागरथा थुंकली, आणि दिवसभर आम्ही तिला चिडवत होतो.

तीन वर्षांपूर्वी चौथी 'आहो' आली नाही. चौथं झाड सायत्राचं. आम्हाला वाटलं, हिच्याही तोंडात खर्रा असंल. दिवरू पोचला तेव्हा टोपली जागच्या जागी होती, भरलेली. बाकी मी सांगत नाही. त्यानं जे पाहिलं ते त्याच्याजवळ राहिलं, आणि तिथंच तर सगळं बिघडलं.

त्यानंतर तो झोपेना. त्याची बायको जंगा माझ्या दारात येऊन रडली. "रातभर मोजते वो ताई. तीनपर्यंत येते आन् अटकते. मंग पुन्हा एकपासून." मी त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू झोप यायला लागली. डॉक्टर म्हणाले, काम सोडू नका, कामानंच माणूस उभा राहील. दिवरूही तेच म्हणायचा, "जंगलात असलो का डोस्कं शांत राह्यते. घरी बसलो का मरतो मी." म्हणजे ते काम हेच त्याचं अर्धं औषध होतं. आणि खात्यात हे कोणाला कळून चालणार नव्हतं, कारण डोक्याच्या गोळ्या खाणाऱ्याला जंगलात कोण ठेवतो? डॉक्टर, जंगा आणि मी, तिघांनाच ठाऊक होतं. बाया मात्र मनात समजून होत्या. सायत्राचं झाड त्यांनी कोणाला दिलं नाही. तिसरीनंतर एका 'आहो'एवढं सगळ्या गप्प राहायच्या, मग पाचवी ओरडायची.

अशात पुण्याहून तन्वी मॅडम आल्या, कॅमेरा घेऊन. जंगलातल्या माणसांच्या मनावर माहितीपट करायचा होता. पोरगी गोड बोलायची, जमिनीवर बसून भाकर खायची. मला म्हणाली, "ताई, चेहरा दिसणार नाही, नाव बदलू. त्याच्यासारख्या शेकडो लोकांना आधार मिळेल." मी भाळले. मीच दिवरूला तयार केलं. तो म्हणाला, "तुह्यावर भरोसा हाय ताई. तू म्हनतं तं बोलतो." तो बोलला. पाठमोरा, सावलीत. शेवटी मॅडमनी त्याला बांधावर उभं करून हाक द्यायला लावली. मी तिथंच उभी होते, आणि माझ्या अक्कलशून्य डोक्यात काही आलं नाही.

यंदा फेब्रुवारीत जिल्ह्याच्या गावी माहितीपटांचा कार्यक्रम झाला. वन्यजीव आणि मानसिक आरोग्य, दोन्ही एकाच मांडवाखाली. आम्हा बायांना बसनं नेलं, पहिल्या रांगांत बसवलं. गावकरी दिसले की फोटो चांगला येतो ना! दिवरूही आला, पार मागं बसला. पुढच्या खुर्चीत रेंजर साहेब. त्यांनी भाषण ठोकलं, "मनाच्या आजाराची लाज कसली? मोकळेपणानं बोलायला शिका!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. आग लागो त्या टाळ्यांना.

आधी वाघाचा सिनेमा झाला. मग जेवण, मसालेभात. मग तन्वी मॅडमचा सिनेमा. सभागृहातला थंडगार अंधार, भरलेलं पोट, पहाटेपासून जागी होते, माझा डोळा लागला. पडद्यावर कोणी 'रामू' नावाचा माणूस बोलत होता, गोळ्यांचं, झोपेचं, मोजण्याचं. आणि एकदम कानात हाक आली.

"होऽऽ रेऽऽ हो!"

"आहोऽऽ!" मी ओरडले. झोपेत, खुर्चीत, टोपली शोधत.

माझ्यामागून दुसरी ओरडली. तिसरी ओरडली. मग सगळ्या गप्प, एका 'आहो'एवढ्या. मग पाचवी, सहावी, थेट बारावीपर्यंत. एकोणीस वर्षांची सवय. पाचवीपर्यंत मी पुरती जागी झाले होते, पण बायांना थांबवणार कशी? मागं वळून पाहिलं तर दिवरू उभा होता, पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून.

आमचा नाकेदार, म्हणजे वनरक्षक, बिचारा आनंदानं म्हणाला, "अरे, हा तं आपला दिवरू!" रेंजर साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. दिवे लागले तर तन्वी मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मला मिठी मारून म्हणतात, "ताई, किती सुंदर! किती जिवंत प्रतिसाद!" मी म्हटलं, "मॅडम, त्याचं तोंड झाकलं तुम्ही, आवाज काहून नाही झाकला वो?" त्या म्हणाल्या, "पण आवाजातच तर सगळी वेदना होती ना." मी हात जोडले आणि बसमध्ये जाऊन बसले. दिवरू खिडकीशी बसला होता. मला म्हणाला, "तुही चूक नाही ताई. हाक आली का उत्तर देनंच लागते." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी त्याला घरी बसवलं. मी रेंजर साहेबांच्या कचेरीत गेले. म्हटलं, "साहेब, मोकळेपणानं बोला म्हणत होता ना? बोलला तो."

"ताई, तुम्हाला कळत नाही. असा माणूस जंगलात ठेवणं जोखमीचं आहे. उद्या काही झालं तर?"

"एकोणीस वर्षांत त्याच्यामुळं काय झालं?"

"आम्ही पर्यायी व्यवस्था करतोय," साहेब म्हणाले आणि फोन उचलला. फोन वाजलाही नव्हता.

ती व्यवस्था मार्चमध्ये कळली. पहिल्याच पहाटे आम्ही अकराजणी झाडांखाली गेलो, तर बांधावरच्या झाडाला भोंगा बांधलेला. नाकेदार मान खाली घालून उभा. त्यानं कळ दाबली.

"होऽऽ रेऽऽ हो!"

दिवरूचीच हाक. सिनेमातून कापून काढलेली. मॅडमनी मोठ्या आनंदानं दिली म्हणे. माणूस नको, पण त्याचा गळा पाहिजे! माझ्या अंगाचा असा भडका उडाला! मी बायांना म्हटलं, "एकीनंही 'आहो' म्हणायचं नाही. मढं बसवलं यांच्या भोंग्याचं! ओरडू दे त्याले."

कोणी तोंड उघडलं नाही. भोंगा पुन्हा ओरडला. पुन्हा आम्ही गप्प. तिसऱ्यांदा. मला वाटत होतं, कशी जिरवली साहेबाची!

आणि गावाकडून पाचोळ्यावर धावती पावलं ऐकू आली. उघडा, अनवाणी, हातात काठी, दिवरू. त्याला घरात स्वतःची हाक ऐकू येत होती आणि एकही उत्तर येत नव्हतं. एकही! हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. तो माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "एक." पुढं पळाला. "दोन. तीन." चौथ्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि तिथून हलेना.

मी तिथूनच बोंबलले, "आहोऽऽ!" भोंग्याला नाही, त्याला. दुसरी ओरडली, तिसरी. मग तेवढं गप्प राहणं. मग पाचवीपासून बारावीपर्यंत सगळ्या. तो मटकन खाली बसला. जरा श्वास जागेवर येतो न येतो तोच वरून भोंगा पुन्हा, "होऽऽ रेऽऽ हो!" तसाच, त्याच सुरात.

दिवरूनं वर पाहिलं. "त्याले बंद करा ना ताई," तो म्हणाला. "तो मोजत नाही."

नाकेदार म्हणाला, साहेबांच्या हुकमाशिवाय बंद करता येत नाही. म्हणून मी दगड उचलला. पहिला चुकला, दुसरा लागला.

आता माझ्या नावानं कागद आला आहे. शासकीय मालमत्तेचं नुकसान का केलं, सात दिवसांत खुलासा करा. तोवर पहाटे बांधावर दिवरूच उभा राहतो, बिनपगारी, आणि साहेबांना ते दिसत नाही. खुलासा मी काल लिहून दिला. एकाच ओळीचा आहे. साहेब, तुमचा भोंगा मोजत नव्हता.