हाड म्हटलं की गायचं

"तिला घिऊन ये कोल्हापूरला. आमच्या गाण्यात बसवतो तिला!" मावशी फोनवर ओरडली आणि माझं नि आईचं जायचं ठरलं. लग्न होऊन तिकडे गेलेली मावशी आता इतकी पक्की तिथली झालीय की तिथल्या बायकांसारखं 'मी येतो, मी जातो'च म्हणते.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आई जेवायची, बोलायची, मालिका बघायची. गायची मात्र नाही. पूर्वी पोळ्या लाटताना ती एक ओळ म्हणायची आणि बाहेरच्या खोलीतून बाबा पुढची ओढायचे, ठार बेसूर. आता सगळंच बंद. ते गप्प स्वयंपाकघर मला खायला उठायचं.

जाणाऱ्यांसाठी सांगते, पुण्याहून सकाळची एसटी पकडा. रस्ता चौपदरी झाल्यापासून दुपारच्या जेवणाला पोचता येतं. वाटेतल्या थांब्यावरचे गारढोण वडे खाऊ नका, मिसळीसाठी पोट राखून ठेवा. स्टँडजवळ परवडणारे लॉज भरपूर आहेत. आम्ही अर्थातच मावशीकडे, मंगळवार पेठेत.

पोचल्या पोचल्या मिसळ. "पावणं, कट जपून हं! पुण्याची न्हाय ही," मालकाने बजावलं. आईने हट्टाने वाटीभर कट ओतून घेतला. दोघींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आईचं सगळंच मिसळीचं नसावं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीची मंडळी पेठेतल्या शाळेच्या वर्गात जमली. पेटीवर रेहानाभाभी. शेजारी गौरव्वा, शिरोळकडच्या ऊसवाल्या लिंगायत घरातल्या. घरात कानडी, बाजारात मराठी. बाकी बायका कुठकुठल्या गल्ल्यांतल्या. फळ्यावर कानडी वचन देवनागरीत लिहिलेलं. भाभींचे कानडी उच्चार गौरव्वा सुधारत होत्या, आणि उर्दू गाणं आलं की भाभी त्याचा वचपा काढत होत्या. भजन झालं, नाताळचं गाणंही झालं. मला तर काय मजा येत होती!

आई दाराशी अंग चोरून बसलेली. इथे एक पद्धत आहे: नव्या बाईने घरातली एक ओळ गायची, बाकीच्यांनी ती उचलायची. गौरव्वा वाकल्या आणि हात हलवून आईला म्हणाल्या, "हाड, अक्का, हाड!"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. ती उठली आणि चपला घालून थेट व्हरांड्यात.

"दाराशी बसले म्हणून हाड? मी काय कुत्रं आहे?" तिचा आवाज कापत होता. माझंही डोकं फिरलं. आणलं कशाला हिला इथे, असं झालं.

मागून मावशी धावत आली आणि ऐकून पायरीवरच फतकल मारून हसायला लागली. "अगं येडे, कानडीत हाड म्हंजे गा! गाणं म्हण म्हणत्यात तुला!"

दारात आलेल्या गौरव्वांनी दोन्ही गालांवर हात मारून घेतले. "अय्यो शिवने! मी मायेनं म्हटलं की ओ, अक्का!"

आईने त्यांच्याकडे बघितलं, आणि तिला जे हसू फुटलं! पोट धरून, पदर तोंडात कोंबून. वर्षभरात पहिल्यांदा. मी भिंतीला टेकून रडून घेतलं.

आत जाऊन आईने पहिली ओळ गायली. मग थांबली.

"फुडची?" गौरव्वांनी विचारलं.

"ती ह्यांची होती."

मावशीला ती माहेरपासून पाठ. तिने उचलली, मागून अख्ख्या वर्गाने. कुणाचा हेल कानडी, कुणाचा आणखी कसला, सूर तर देवाघरी. आई डोळे पुसत पुन्हा पहिल्या ओळीवर आली, आणि तिला कळलं होतं की आता पुढची येणार.

तिसऱ्या दिवशी देवीचं दर्शन, रंकाळ्यावर फेरी, गुळाची ढेप घेऊन परत. गूळ एव्हाना संपला.

परवा मी हे टाइप करत बसले होते. स्वयंपाकघरातून पहिली ओळ आली. मग शांतता. माझा गळा बाबांवर गेलाय, त्यामुळे शाळेपासून मी तोंड मिटूनच असते. आई लाटणं घेऊन दारात आली.

"ऐकू येत नाही? हाड की!"

मी डोळे मिटून पुढची ओळ ओढली. आईने ती शेवटपर्यंत ऐकली.

"ठार बेसूर," ती म्हणाली. "अगदी ह्यांच्यासारखी. परत घे."