उगवतीकडे पाय

दावीदमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझी कवळी वाटीत होती आणि चहाचं आधण गॅसवर. दुपारचे चार वाजले असतील. फोनवर मामांची सून रेखा. "बाई, मामा गेले. जेवले, आडवे झाले, आन् उठलेच न्हाईत." बिनदातांच्या तोंडातून माझा जो काही आवाज निघाला तो तिला हंबरड्यासारखा वाटला असावा, कारण तीच मला धीर देऊ लागली. सासरा तिचा गेला आणि धीर मला. मीही मुकाट्याने घेतला. खरं रडू नंतर आलं, आधण आटून पातेलं करपल्यावर... त्याला आता सहा आठवडे होतील.

नेवाशाच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, पण त्यातलं एकही घर असं नाही की ज्याचं कुणीतरी मामांनी खणलेल्या जमिनीत निजलेलं नाही. धंद्याने मामा गवंडी. भिंतीला केसभर बाक आला तर अख्खा थर उतरवायला लावणारे. पण कबरस्थानात गेले की हाच माणूस वाकडं काम करायचा, आणि तेही मुद्दाम. आमच्यात मृताचे पाय उगवतीकडे ठेवतात. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, मेलेले उठणार. उठून उभं राहिल्यावर तोंड त्याच्याकडे असावं, पाठ नको, एवढाच त्यातला शिष्टाचार. पण उगवती नेमकी कुठली, हे मामांनी आपल्यापुरतं ठरवलं होतं. कबर खणायची त्या सकाळी सूर्य वर यायच्या आत ते दोन खुंट्या आणि गवंडीकामाचं सूत घेऊन हजर. सूर्याची कड दिसली की सूत ताणायचं आणि त्या रेषेत कुदळ मारायची. आमच्या पूर्वेला शुगर फॅक्टरीची चिमणी आहे. थंडीत सूर्य चिमणीच्या बराच उजवीकडून निघतो, उन्हाळ्यात डावीकडून. त्यामुळे थंडीत गेलेले एकीकडे कललेले, उन्हाळ्यात गेलेले दुसरीकडे. सगळं कबरस्थान म्हणजे सांडलेली काड्यापेटी. ढग असले तरी मामांचं अडत नसे. "काल कुठनं निघाला हुता ते ठावं हाय ना," म्हणायचे.

मी लग्न होऊन या गावात आले ती बावीस वर्षांची, नगरची, डी.एड. झालेली, दोन वेण्या घालणारी आणि प्रत्येक गोष्टीवर मत असलेली. ती मुलगी आज माझ्या दारात आली तर मी तिला चहा देईन, पण बसायला सांगणार नाही. एकदा बसली की ती बोलायची थांबत नाही. शाळेत नोकरी लागली आणि रविवारची शब्बाथ शाळाही माझ्याकडेच आली. शेवटच्या न्यायाचा धडा माझा फार लाडका. राजा सिंहासनावर बसणार, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. आणि डावीकडच्यांचं पुढे काय होणार हे सांगताना माझा आवाज असा चढायचा की पुढच्या रांगेतली एक-दोन पोरं तरी रडायचीच. मला वाटायचं, धडा पोहोचला. एकदा मामा मागच्या भिंतीचा गिलावा बघायला आले होते. धडा संपेपर्यंत कोपऱ्यात उकिडवे बसून राहिले, मग म्हणाले, "बाई, एक इचारू?"

"विचारा."

"माझी शेरडं डावीकडं का म्हनून?"

"मामा, ते उदाहरण आहे."

"व्हय. पर सकाळी तुमच्या चहात दूध त्यांचंच हुतं. तवा न्हाई तुमी बाजू बघितली."

मुलं हसली. मी सगळ्यांना डोळे मिटून प्रार्थना करायला लावली. वर्ग हातातून निसटला की हा माझा हुकमी उपाय.

त्याच वर्षी कबरस्थानाला भिंत घालायचं ठरलं आणि चर्चच्या पंचांनी मला नकाशा काढायला सांगितला. मी कार्डशीट आणलं, पट्टी घेतली आणि मामांच्या सगळ्या वाकड्या कबरी कागदावर सरळ करून टाकल्या. मोठ्यांच्या ओळी, लहान मुलांची ओळ, जायला-यायला वाट. शेवटी पश्चिमेच्या भिंतीला, बाभळीखाली, एक कोपरा तांबड्या पेन्सिलीने रंगवला आणि त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'इतर'. असा कोपरा करा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. ती माझी स्वतःची भर. बैठकीत सगळ्यांनी नकाशाची तारीफ केली. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे इतर म्हंजी कोन?"

मी बोटं दुमडत सांगितलं. बाप्तिस्मा न झालेले, जीव दिलेले, दारू पिऊन मेलेले.

"ते उठनार न्हाईत?"

"उठतील की. पण त्यांचा न्याय व्हायचाय."

"आन् आपला झालाय?"

पाळकसाहेबांना, आमच्या धर्मगुरूंना, खोकला आला. मामांनी नकाशाची गुंडाळी केली, "द्या, खनताना लागंल," म्हणून काखेत मारली आणि घरी नेली.

सहा महिन्यांनी पौलस गेला. तो बँडमध्ये ढोल वाजवायचा, वाजवून झालं की प्यायचा आणि प्यायला की पंचांना नावानिशी शिव्या देत रस्त्याने जायचा. माझ्या कोपऱ्याचं उद्घाटन त्याच्या हातून होणार याबद्दल मला शंका नव्हती. मामांनी त्याला मधल्या ओळीत ठेवलं, आणि तेही अशा एका पंचाच्या शेजारी, ज्याने हयातीत पौलसाला ओट्यावर चढू दिलं नव्हतं. मी तरातरा मामांच्या घरी गेले. ते शेरडांना पाला टाकत होते.

"नकाशात तो कुठे दाखवलाय, मामा?"

"नकाशा घरी राहिला, बाई."

"हेच तर तुमचं घर आहे."

"मंग सापडत न्हाई."

मी पाळकसाहेबांकडे तक्रार केली. त्यांना पुन्हा खोकला आला.

पुढच्या नाताळानंतर आठवड्याभरात मला मुलगी झाली. फार अशक्त होती. सुईण म्हणाली, पाळकसाहेब गावात आहेत तोवर घरच्या घरी बाप्तिस्मा उरकून घ्या. आमचे हे बोलवायलाही निघाले होते. मी नको म्हटलं. नगरहून माझी बहीण लेस लावलेला पांढरा झगा पाठवणार होती. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा चर्चमध्ये, झग्यात, सगळ्या गावासमोर व्हायचा होता. झगा एस.टी.ने पाचव्या दिवशी आला. मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. माझ्या पुष्कळ गोष्टी मी हसत सांगते. ही हसत सांगता येत नाही, म्हणून भरभर सांगितली.

ओल्या बाळंतिणीला दफनाला कोण नेणार? तिला कुठे ठेवलं हे मी कुणाला विचारलं नाही. मला ठाऊकच होतं. जागा मीच रंगवली होती. सव्वा महिन्याने एकटीच गेले, तडक बाभळीखाली. गवत, काटे, एक फुटकं मडकं. उंचवटा कुठेच नाही. वाटलं, भिंतीच्या बाहेरच नेली की काय... मी खाली वाकून हाताने गवत बाजूला करत होते तेव्हा मागून आवाज आला.

"तिकडं काय बघताय, बाई? तिकडं कोन न्हाई."

मामा शेरडं घेऊन उभे होते. मला मधल्या ओळीत घेऊन गेले. माझ्या सासूबाईंच्या कबरीला लागून, कुशीत म्हणावी इतकी जवळ, हातभर मातीची रास. भोवती चुना दिलेले दगड. आणि रास सरळ नव्हती. चिमणीच्या उजवीकडे, जानेवारीच्या उगवतीकडे कललेली. इतक्या लहानग्या कबरीसाठीही त्या माणसाने पहाटे येऊन सूत ताणलं होतं.

"मामा... नकाशा?"

"घरी राहिला."

मी तिथेच बसले आणि महिनाभर छातीत दाबून ठेवलेलं बोलले. "तिचा बाप्तिस्मा नाही झाला. माझ्यामुळे. त्या दिवशी तिला काय विचारतील?"

एक शेरडू कबरीवर चढू बघत होतं, मामांनी त्याला हाकललं. मग म्हणाले, "तीन दिसाचं लेकरू. त्याला काय इचारत्यात? दूध पिलीस का म्हनतील." आणि त्यांनी मलाच विचारलं, "पिली हुती न्हवं?"

"प्यायली होती."

"मंग झालं की. सांगंल ती."

हे उत्तर शास्त्रात कुठे बसतं ते मी पन्नास वर्षं शोधते आहे. बसतं, असं मला आता वाटतं. तो न्यायाचा धडा मी पुढे पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने न वाचता, तेव्हा ध्यानात आलं की मी मुलांना नेहमी बाजूच शिकवल्या. प्रश्न शिकवलेच नाहीत. तिथे राजा विचारतो ते भुकेल्याला खायला घातलं का, तहानेल्याला प्यायला दिलं का. आणि ज्यांनी दिलेलं असतं त्यांना ते आठवतसुद्धा नाही. मयत झालेल्या प्रत्येक घरी मामा महिनाभर सकाळी ओसरीवर तांब्याभर शेळीचं दूध ठेवून जात. आमच्याही ओसरीवर तो तांब्या रोज होता, आणि मी त्याच्याकडे बघून तोंड फिरवत होते. पुढे कधी त्याबद्दल बोलले तर मामा म्हणाले, "आमी? कवा?" ते सोंग नव्हतं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. तसा माणूस काही गोड नव्हता हं. उपदेश सुरू झाला की पाचव्या मिनिटाला घोरायचे, कुणाच्या कामाला चांगलं म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं, आणि माझ्या घराचा ओटा त्यांनी बांधला तेव्हा एका पायरीवरून आमचं दोन महिने बोलणं बंद होतं. पायरी त्यांच्या म्हणण्याप्रमाणेच झाली. आज माझे गुडघे त्या पायरीला दुवा देतात.

लेस लावलेला तो झगा मी जाळायला काढला होता. मामांनी तो आपल्या धाकट्याच्या बाप्तिस्म्याला मागून नेला, मग त्याच्या शेजाऱ्याने नेला. गावातली निम्मी पोरं त्या झग्यात रडली आहेत.

मामांना मी शेवटची भेटले ती ऑगस्टात. नव्वदी गाठलेली, खाटेवर बसून होते. खणायचं कधीच सुटलं होतं, पण दहा वर्षं खुर्चीवर बसून दिशा तेच दाखवायचे. त्या दिवशी एकाएकी म्हणाले, "बाई, तुमी शिकलेल्या. मला काय इचारतील वो?" डोळ्यांत खरी काळजी होती. इतक्या जणांना त्या दिवसासाठी उभं करून ठेवणारा माणूस, आणि स्वतःच्या वेळेला घाबरला होता. मला वचन आठवेना, एकही. मी म्हटलं, "नकाशा कुठाय म्हणून विचारतील." मामा इतके हसले की रेखा पाणी घेऊन धावत आली. ठसका लागला, तरी हसत होते. "मंग सोपं हाय," म्हणाले, "घरी राहिला म्हनंन."

दफनाच्या सकाळी मी रेखाला घेऊन उजाडायच्या आत कबरस्थानात पोहोचले. खणायला आलेल्या तरुणांनी मोबाईलवर पूर्व काढून ठेवली होती. मी म्हटलं, मामांची कबर मामांच्या पद्धतीनेच होणार, सूत आणा. आजी ऐकत नाही म्हटल्यावर ते थांबले. सप्टेंबरची तेवीस तारीख, शेजारच्या आळीत पितृपक्षाची गडबड. सूर्य आला तो बरोब्बर चिमणीच्या मागून. सूत ताणलं, तर मोबाईलची रेघ आणि सुताची रेघ एकच. पोरं माझ्याकडे बघून गालात हसली. दिवस आणि रात्र सारखी झाली की सूर्य अगदी नेमका पूर्वेला उगवतो, हे मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्या दिवशी विसरले. जन्मभर तिथे वाकडं खणणारे मामा स्वतः मात्र पक्क्या गवंड्यासारखे ओळंब्यात गेले.

मागच्या आठवड्यात रेखाने मामांची अवजारांची पिशवी आणून दिली. थापी, ओळंबा, सुताची गुंडी. आणि तळाशी, प्लॅस्टिकमध्ये, माझं कार्डशीट. घडीवर फाटलेलं, पण सगळं दिसतंय. माझ्या पट्टीने मारलेल्या ओळींवर मामांनी खणलेल्या प्रत्येक कबरीची एक-एक रेघ मारली आहे, सुतारी पेन्सिलीने. नावं नाहीत, लिहिता येत नव्हतं. नुसती रेघ, ज्या त्या उगवतीकडे कललेली. पौलसाची सापडली. आमच्या ह्यांची सापडली, वैशाखातली, चांगली डावीकडे गेलेली. सासूबाईंच्या रेघेला लागून तांदळाच्या दाण्याएवढी एक रेघ आहे. आणि बाभळीखालच्या कोपऱ्याचा तांबडा रंग विटून गुलाबी झालाय. त्यात इतक्या वर्षांत एकही रेघ नाही.

मामांची रेघ मी मारली, चिमणीच्या दिशेने, पट्टी न घेता. नकाशा आता माझ्या कपाटात आहे. मुलांना मी सांगून ठेवलंय की मी जाणार ती थंडीत, सूर्य चिमणीच्या उजवीकडून निघत असेल तेव्हा. या थंडीत नाही, नातीचा स्वेटर अर्धा विणायचाय. पण कुठल्यातरी थंडीत. म्हणजे उठल्यावर माझं तोंड लेकीच्याच उगवतीकडे असेल, तिला शोधायला मान वळवावी लागणार नाही.